शिक्षेऐवजी हिशेब : बालन्यायाचा सामाजिक पर्याय

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगर भागात एका भरधाव मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात काम करणारे दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. मोटार चालविल्याचा आरोप असलेला मुलगा सतरा वर्षांचा होता. त्याच दिवशी त्याला बालन्याय मंडळाकडून जामीन मिळाला. अपघातांविषयी तीनशे शब्दांचा निबंध लिहावा, पंधरा दिवस वाहतूक पोलिसांबरोबर काम करावे, व्यसनमुक्तीसाठी समुपदेशन घ्यावे, अशा अटी त्या आदेशात होत्या. देशभर संतापाची लाट उसळली. तीन दिवसांत मंडळाने आदेश बदलून मुलाची रवानगी निरीक्षणगृहात केली. २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवून त्याच्या सुटकेचा आदेश दिला. पुढे जुलै २०२५ मध्ये, त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवावा, ही पोलिसांची मागणी मंडळाने फेटाळली.

या गदारोळात ‘निबंध’ हा शब्द चेष्टेचा झाला आणि त्याबरोबर एक जुनी, जगभर आजमावलेली कल्पनाही बदनाम झाली. चुकलेल्या मुलाला कोठडीत न टाकता समाजातच ठेवून सुधारावे, ही ती कल्पना. वस्तुतः तो निबंध ही शिक्षा नव्हती आणि शिक्षेचा पर्यायही नव्हता. दोष ठरण्यापूर्वी घातलेली ती जामिनाची अट होती. परंतु लोकांच्या संतापात एक योग्य प्रश्न दडलेला होता. दोन घरांतील कर्ती मुले गेली, त्या घरांना या आदेशात स्थान कोठे होते? सामाजिक पर्यायाची खरी कसोटी याच प्रश्नात आहे.

कल्पना काय आहे?

कायद्याशी संघर्ष झालेल्या अठरा वर्षांखालील मुलाला औपचारिक खटल्याच्या वाटेवरून वेळीच बाजूला वळविणे, किंवा दोष सिद्ध झाल्यावरही त्याला संस्थेत न डांबता घर, शाळा आणि वस्तीत ठेवून त्याच्याकडून केलेल्या कृत्याची भरपाई करून घेणे, असे या पर्यायाचे दोन भाग आहेत. पोलिसांची ताकीद, समुपदेशन, नुकसानभरपाई, समाजसेवा, व्यवसाय प्रशिक्षण, मार्गदर्शकाची देखरेख आणि पीडित व्यक्तीशी समोरासमोर भेट ही त्याची प्रचलित रूपे होत. संयुक्त राष्ट्रांच्या १९८५ च्या बीजिंग नियमांनी आणि १९८९ च्या बालहक्क संहितेने हा मार्ग पुरस्कारला. भारताने ही संहिता डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली. मुलावर असा कार्यक्रम लादता येत नाही, त्याची किंवा पालकांची संमती हवी, हेही बीजिंग नियमांत नमूद आहे.

तुरुंगाकडून मंडळाकडे

मुलांसाठी वेगळे न्यायालय असावे, हा विचार सव्वाशे वर्षांचा आहे. जगातील पहिले बालन्यायालय १८९९ मध्ये अमेरिकेतील शिकागो येथे सुरू झाले. भारतात मद्रास प्रांताने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबई प्रांताने १९२४ मध्ये बालकांचा कायदा केला. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटीची स्थापना झाली. मुंबईकरांना परिचित असलेले डोंगरीचे ‘रिमांड होम’ उमरखाडीच्या जुन्या तुरुंगाच्या वास्तूत आहे. मुलांना तुरुंगापासून दूर ठेवण्यासाठी उभारलेली व्यवस्था तुरुंगाच्याच भिंतींत वसावी, यातच बालन्यायाची जुनी कोंडी दिसते.

शीला बर्से यांनी केलेल्या याचिकेवर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मुलांना तुरुंगात ठेवू नये, असे बजावले. त्याच वर्षी देशभरासाठी बालन्याय कायदा झाला. त्यानंतर २००० चा आणि दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कार प्रकरणानंतरच्या वातावरणात २०१५ चा कायदा आला. हा तिसरा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे. सोळा वर्षांवरील मुलाने निर्घृण गुन्हा केल्याचा आरोप असल्यास प्राथमिक मूल्यमापन करून त्याला प्रौढाप्रमाणे न्यायालयासमोर उभे करण्याची तरतूद त्यात आहे. चर्चा बहुधा याच तरतुदीभोवती फिरते आणि उरलेला कायदा अंधारात राहतो.

शिक्षा उलटी का पडते?

किशोरवयात नियम मोडणारी बहुसंख्य मुले मोठी झाल्यावर आपोआप त्या वाटेवरून परततात, हे गुन्हेशास्त्रातील सर्वांत भक्कम निरीक्षणांपैकी एक आहे. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये त्याची मांडणी करताना दोन गट केले. पहिला गट केवळ त्या वयापुरता बहकणाऱ्या मुलांचा आणि तो मोठा आहे. दुसरा, अगदी लहान, गट बालपणापासून आयुष्यभर गुन्ह्यांत अडकणाऱ्यांचा आहे. पहिल्या गटातील मुलाला न्यायालय, कोठडी आणि ‘गुन्हेगार’ या शिक्क्याच्या चक्रात ढकलले, तर परतीची वाटच बुजते. शाळा सुटते, नोकरी मिळत नाही आणि संस्थेत सोबतीला अधिक तयारीची मुले मिळतात.

अँथनी पेट्रोसिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात २९ नियंत्रित प्रयोग एकत्र अभ्यासले गेले. त्यांत ७,३०४ मुलांचा समावेश होता. औपचारिक न्यायप्रक्रियेतून गेल्यामुळे पुढील गुन्हे कमी झाल्याचे त्यात आढळले नाही. उलट, ते किंचित वाढण्याकडेच कल दिसला. काही सेवा देऊन बाहेर वळविलेल्या मुलांशी तुलना केली असता हा फरक अधिक ठळक होता. निव्वळ सोडून देण्यापेक्षा काहीतरी ठोस करून सोडणे परिणामकारक ठरते, हा त्याचा अर्थ.

न्यूझीलंडची कुटुंब परिषद

या दिशेने सर्वांत धाडसी पाऊल न्यूझीलंडने टाकले. तेथील संस्थांमध्ये माओरी मुलांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने फार मोठे होते. कुटुंब आणि कुळ यांना डावलून सरकारी अधिकारी मुलांचे भवितव्य ठरवितात, ही माओरी समाजाची जुनी तक्रार होती. जॉन रंगिहाऊ यांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीने ती सरकारपुढे परखडपणे मांडली. त्यानंतर १९८९ मध्ये नवा कायदा आला आणि ‘फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स’, म्हणजे कुटुंब परिषद, हा बालन्यायाचा कणा बनला.

तेथे बहुतेक मुलांची प्रकरणे न्यायालयापर्यंत जातच नाहीत. पोलिसांचे मुलांसाठी नेमलेले अधिकारी ताकीद देतात किंवा घरच्यांशी बोलून भरपाईची एखादी योजना ठरवितात. प्रकरण गंभीर असेल तर परिषद बोलावली जाते. खून आणि सदोष मनुष्यवध मात्र नेहमीच्या युवा न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवलेले आहेत. एखाद्या सभागृहात, घरी किंवा माओरी समाजाच्या ‘मराए’ या सभास्थानी मंडळी जमतात. मुलगा, त्याचे आईवडील, आजीआजोबा, काका-मामा, पोलीस, समन्वयक आणि इच्छा असल्यास पीडित व्यक्ती व तिचे पाठीराखे, असा हा मेळावा असतो. पोलीस घडलेली हकिगत वाचून दाखवितात. मुलाला ती मान्य नसेल तर परिषद तेथेच थांबते आणि प्रकरण न्यायालयाकडे जाते. मान्य असेल तर पीडित व्यक्ती आपल्यावर काय गुदरले ते सांगते. चोरलेल्या सायकलीवर कोणाची रोजची नोकरी अवलंबून होती, फोडलेल्या दुकानाच्या काचा कोणाच्या बचतीतून बसवाव्या लागल्या, हे मुलगा प्रथमच ऐकतो. न्यायालयात वकिलाच्या आडून हे ऐकू येत नाही.

त्यानंतर कुटुंबाला खासगीत विचार करण्यासाठी वेळ दिला जातो. ते योजना मांडतात आणि उपस्थितांच्या सहमतीने ती ठरते. माफी, भरपाई, ठरावीक तासांचे काम, रात्री घराबाहेर न पडण्याचे बंधन, शाळेतील हजेरी, व्यसनावरील उपचार असे त्यात काहीही असू शकते. कोणत्या तारखेपर्यंत काय करायचे आणि त्यावर लक्ष कोणी ठेवायचे, हेही लिहिले जाते. योजना पूर्ण झाली तर न्यायालय मुलाला, जणू आरोप कधी ठेवलाच नव्हता अशा रीतीने, मुक्त करू शकते.

ही व्यवस्था निर्दोष नाही. पीडित व्यक्ती अनेकदा परिषदेला येत नाहीत. योजनांना पुरेसा पैसा मिळत नाही आणि माओरी मुलांचे विषम प्रमाण संपलेले नाही. २०२४ च्या जुलैमध्ये तेथील सरकारने दहा मुलांसाठी लष्करी शिस्तीच्या शिबिराचा प्रयोग केला. शिबिरातून बाहेर पडल्यावर त्यांतील काहींनी पुन्हा गुन्हे केले. त्याच महिन्यात सरकारी आणि धार्मिक संस्थांतील अत्याचारांवरील राजकीय आयोगाचा अंतिम अहवाल प्रसिद्ध झाला. सात दशकांत सुमारे दोन लाख मुले, तरुण आणि असहाय प्रौढ अत्याचाराला बळी पडल्याचा अंदाज त्यात आहे. संस्थेतील मूल सुरक्षित असते, हा समज त्या देशाला फार महागात पडला.

स्कॉटलंडची वाट थोडी वेगळी आहे. लॉर्ड किलब्रँडन यांच्या समितीच्या १९६४ च्या अहवालानुसार तेथे १९७१ पासून मुलांची बहुतेक प्रकरणे प्रशिक्षित तीन सामान्य नागरिकांच्या मंडळापुढे येतात. हे नागरिक विनावेतन काम करतात. आरोप वादग्रस्त असेल तर सत्यशोधन न्यायालय करते. मुलाचे पुढे काय करायचे, हे शेजारपाजारची माणसे ठरवितात.

भारतीय कायद्यात काय आहे?

असा मार्ग भारतीय कायद्यात नाही, ही समजूत चुकीची आहे. २०१५ च्या कायद्याच्या कलम ३ मध्ये न्यायालयीन कार्यवाहीपासून मुलाला वळविणे, नव्याने सुरुवात करू देणे आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानणे, ही तत्त्वे नमूद आहेत. दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते यांचे बालन्याय मंडळ असते. त्यातील किमान एक कार्यकर्ती महिला असावी लागते. परिवीक्षा अधिकाऱ्याने मुलाच्या घरची, शाळेची आणि सोबतीची चौकशी करून पंधरा दिवसांत अहवाल द्यावा, अशी अपेक्षा आहे.

दोष ठरल्यावर कलम १८ मंडळापुढे पर्यायांची एक चढती शिडीच ठेवते. समज देऊन व समुपदेशन करून घरी सोडणे, सामूहिक समुपदेशन, एखाद्या संस्थेच्या किंवा व्यक्तीच्या देखरेखीखाली समाजसेवा, मुलाला वा पालकांना दंड, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर जास्तीत जास्त तीन वर्षांची परिवीक्षा आणि सर्वांत शेवटी विशेष गृहात तीन वर्षांपर्यंत ठेवणे, असा हा क्रम आहे. जोडीला शाळेत जाणे, व्यवसाय शिकणे, विशिष्ट ठिकाणी न जाणे किंवा व्यसनमुक्ती उपचार घेणे बंधनकारक करता येते. चौदा वर्षांवरील मुलांसाठी समाजसेवा म्हणजे काय, हे २०१६ च्या आदर्श नियमांनी उदाहरणांसह सांगितले आहे. उद्यानाची निगा, वृद्धांची सेवा, रुग्णालयात मदत, अपंग मुलांसाठी काम, वाहतूक स्वयंसेवक ही त्यातील काही कामे होत. पुण्याच्या आदेशातील वाहतूक पोलिसांबरोबरच्या कामाचे मूळ अशा तरतुदींत सापडते.

पोलिसांच्या पातळीवरही वळण घेता येते. निर्घृण गुन्हा किंवा प्रौढांबरोबर मिळून केलेला गुन्हा वगळता मुलाविरुद्ध प्राथमिक माहिती अहवाल न नोंदविता ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून, सामाजिक पार्श्वभूमीच्या अहवालासह प्रकरण मंडळाकडे पाठवावे, असे हे नियम सांगतात. शिवाय, सर्वसाधारणपणे दोष सिद्ध झाल्यामुळे मुलाला पुढील आयुष्यात कोणतीही अपात्रता चिकटत नाही आणि त्याची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे.

गंभीर गुन्ह्यांची वर्गवारीही नीट समजून घ्यावयास हवी. किमान सात वर्षांची शिक्षा असलेला गुन्हाच निर्घृण ठरतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये शिल्पा मित्तल खटल्यात दिला. कमाल शिक्षा मोठी, पण किमान शिक्षा तेवढी नसलेले गुन्हे मधल्या गटात मोडतात. माणसाचा जीव गेलेली काही प्रकरणेही त्यामुळे या मधल्या गटात येतात आणि लोकांच्या न्यायबुद्धीला सर्वांत मोठा धक्का तेथेच बसतो.

कागद आणि वस्ती

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात विधिसंघर्षग्रस्त बालकांविरुद्ध ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले. यांतील प्रत्येक मुलासाठी कलम १८ ची शिडी उपलब्ध आहे, परंतु तिच्या मधल्या पायऱ्या अनेक ठिकाणी नुसत्याच काढलेल्या आहेत. ‘समाजसेवा करावी’ असा आदेश निघतो. मुलगा कोणत्या संस्थेत जाणार, तेथे त्याला कोण भेटणार, काम शिकविणार कोण आणि तो आला नाही तर कळविणार कोण, याची उत्तरे आदेशात नसतात. मग मंडळापुढे दोनच व्यवहार्य मार्ग उरतात. समज देऊन सोडणे हा एक आणि निरीक्षणगृह हा दुसरा. पहिल्याने पीडिताची फसवणूक होते आणि दुसऱ्याने मुलाचे नुकसान.

विषमता हा दुसरा धोका. ज्याच्या घरी वकील, गाडी आणि समुपदेशकाची फी आहे, त्याला ‘पालकांच्या देखरेखीखाली’ सोडणे सोपे जाते. ज्याचे वडील बांधकामावर आणि आई धुण्याभांड्यांना जाते, त्याच्या घरी देखरेख करणारे कोणी नाही, असा शेरा अहवालात पडतो. संस्थेचा दरवाजा मग त्याच्यासाठी उघडतो. सामाजिक पर्याय नीट उभा राहिला नाही, तर तो केवळ सुस्थितांची सवलत ठरतो.

उलट टोकाचा धोकाही आहे. पूर्वी पोलीस दटावून सोडून देत असत, त्या किरकोळ खोड्यांसाठीही कार्यक्रम, अहवाल आणि हजेरी सुरू झाली, तर व्यवस्थेचे जाळे आकुंचन पावण्याऐवजी पसरत जाते. म्हणून हा पर्याय कोठडीऐवजी असावा, दुर्लक्ष करण्याजोग्या चुकांसाठी नव्हे.

सदिच्छा पुरेशी नाही

चांगल्या हेतूने आखलेले कार्यक्रमही घातक ठरू शकतात, याचे पुरावे आहेत. अमेरिकेत मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकरवी घाबरविण्याचा ‘स्केअर्ड स्ट्रेट’ हा कार्यक्रम फार लोकप्रिय झाला. नियंत्रित चाचण्यांत मात्र, अशी भेट दिलेल्या मुलांकडून भेट न दिलेल्यांपेक्षा अधिक गुन्हे घडल्याचे दिसले. मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ पासून काही वर्षे सुमारे अडीचशे मुलांना समुपदेशक, शिकवणी आणि उन्हाळी शिबिरे पुरविण्यात आली. जोन मॅककॉर्ड यांनी तीस वर्षांनी त्यांचा माग घेतला, तेव्हा अनेक बाबतींत ही मुले मदत न मिळालेल्या मुलांपेक्षा मागे पडलेली आढळली. वारंवार शिबिराला पाठविलेल्यांचे नुकसान अधिक होते. बहकलेल्या मुलांना एकत्र जमविले, की ती एकमेकांच्या बढायांना दाद देतात आणि कार्यक्रमच शाळा बनतो, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले.

या यशापयशातून चांगल्या कार्यक्रमाच्या काही खुणा निश्चित करता येतात. तो लवकर सुरू व्हावा, कारण सहा महिन्यांनी मिळालेल्या कामाचा कृत्याशी संबंध मुलाच्या मनात उरत नाही. ज्याचे नुकसान झाले त्याला, त्याची इच्छा असेल तर, बोलण्याची जागा मिळावी. काम खरे आणि कोणाच्या तरी उपयोगाचे असावे. मुलाला त्याच्यासारख्याच मुलांच्या टोळीत न ठेवता वयाने मोठ्या, जबाबदार माणसांमध्ये मिसळू द्यावे. त्याच्यामागे एकच विश्वासू माणूस दीर्घकाळ असावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, काम पूर्ण झाले की नाही याची नोंद व्हावी. पूर्ण झाल्यास प्रकरण खरोखर संपावे आणि न झाल्यास मंडळाने पुन्हा बोलवावे.

शहराचा वाटा

यांतील बहुतेक गोष्टी सरकार एकटे पुरवू शकत नाही. कायदा मात्र नागरिकांसाठी दार उघडे ठेवतो. मुलाची जबाबदारी घेण्यास तयार असलेल्या व्यक्तीला पडताळणीनंतर ‘योग्य व्यक्ती’ म्हणून मान्यता देता येते. तशीच मान्यता संस्थेलाही मिळू शकते. महाराष्ट्रातील शहरांत तालमी, सार्वजनिक वाचनालये, रक्तपेढ्या, वृद्धाश्रम, ज्येष्ठ नागरिक संघ आणि गणेशोत्सव मंडळे यांची वानवा नाही. नागपुरात क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉलभोवती एकत्र आणले. त्यासाठी न्यायालयाचा आदेश लागला नव्हता. एक मैदान, एक चेंडू आणि रोज येणारा एक माणूस, एवढ्यावर ते काम उभे राहिले. अशा ठिकाणांची यादी, तेथील जबाबदार व्यक्तीच्या नावासह, प्रत्येक बालन्याय मंडळाच्या टेबलावर असेल, तर ‘समाजसेवा करावी’ या दोन शब्दांना पत्ता मिळेल.

त्या यादीबरोबर आणखी एक खुर्ची मांडावी लागेल, ती पीडित कुटुंबाची. जीव गेलेला असेल, तर कोणतीही समाजसेवा त्याची भरपाई करू शकत नाही आणि अशा प्रकरणांत कायद्याची कठोर चौकशी टाळताही येणार नाही. परंतु फुटलेली काच, चोरलेली दुचाकी, मारामारीत मोडलेला हात, अशा असंख्य प्रकरणांत समोरासमोर बसून हिशेब चुकता करणे शक्य असते. मुलासाठी तो कोठडीतील निष्क्रिय दिवसांपेक्षा अवघड असतो, कारण तेथे मान खाली घालून बसता येत नाही, उत्तर द्यावे लागते. कल्याणीनगरच्या आदेशात निबंध होता. तो वाचण्याचा ज्यांचा पहिला हक्क, त्यांचा उल्लेख नव्हता.